चिकित्सालयाबाहेरचा रक्तदाब

रक्तदाब हा शब्द आपल्या संहितांत नाही. तरीही सातारा-सांगलीकडील कोणत्याही वैद्याच्या चिकित्सालयात आज असे कितीतरी रुग्ण येतात, जे नाडीसाठी मनगट पुढे करण्याआधी दंडावरची बाही वर सारतात. ‘आधी बीपी बघा, मग काय ते सांगतो,’ हे त्यांचे पहिले वाक्य असते. आपणही कफ गुंडाळतो, पारा वा काटा पाहतो, केसपेपरवर दोन आकडे लिहितो आणि त्या दोन आकड्यांवर पुढच्या महिन्याभराची चिकित्सा उभी करतो. त्या आकड्यांवर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय यंत्राचा असला तरी लिहिताना आम्हांस आमच्याच काही चुका सांगाव्या लागणार आहेत, हे आरंभीच नमूद करतो.

दिवसभरात हृदयाचे सुमारे एक लाख ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्यागणिक दाब थोडाफार निराळा असतो. त्यांतील दोन-तीन ठोक्यांची साक्ष आपण काढतो, तीही रुग्ण एस.टी.तून उतरून, जिना चढून, नंबरासाठी तासभर ताटकळून आपल्यासमोर बसलेला असताना. रात्री झोपेत, पहाटे उठताना, बांधावर भावकीशी बोलाचाली झाल्यावर त्याचा दाब काय असतो, हे आपल्याला कळत नाही.

ते कळावे म्हणून जे तंत्र निघाले त्याला अँब्युलेटरी ब्लड प्रेशर मॉनिटरिंग म्हणतात. आपण त्यास चोवीस तासांचे रक्तदाबमापन म्हणू. १७३३ मध्ये स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी घालून रक्ताचा स्तंभ किती उंच चढतो ते मोजल्याचे प्रसिद्ध केले. १८९६ मध्ये इटलीतील रिव्हा-रोची यांनी दंडाला गुंडाळण्याचा पट्टा आणला आणि १९०५ मध्ये रशियातील कोरोटकॉफ यांनी स्टेथोस्कोपने ऐकू येणारे ध्वनी सांगितले. आपण आजवर वापरीत आलेली पद्धत ती हीच. रुग्ण हिंडता-फिरता असताना मापन करण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे सोकोलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांच्या यंत्रात कफ रुग्णानेच फुगवायचा असे. आजचे यंत्र कमरेच्या पट्ट्याला अडकते, दिवसा दर १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री दर ३० ते ६० मिनिटांनी आपोआप फुगते आणि नोंद साठवून ठेवते. दुसऱ्या दिवशी ते संगणकाला जोडले की आलेख बाहेर पडतो. दिवसाच्या किमान २० आणि झोपेच्या किमान ७ नोंदी नीट मिळाल्या तरच तो आलेख ग्राह्य धरावा असा संकेत आहे.

मर्यादाही येथेच सांगून टाकतो. चिकित्सालयात १४०/९० ही उच्च रक्तदाबाची रेषा. घरी मोजल्यास ती १३५/८५. चोवीस तासांच्या यंत्रावर दिवसाची सरासरी १३५/८५, रात्रीची १२०/७० आणि संपूर्ण चोवीस तासांची १३०/८०. आमचे अनेक सहकारी घरच्या मापनालाही १४०/९० हीच रेषा लावतात. त्यामुळे घरी १३८/८८ येणाऱ्या रुग्णास ‘काही नाही, जा’ असे सांगितले जाते. ते बरोबर नव्हे.

शिक्षिकेची भोवळ

आमचे चिकित्सालय कऱ्हाडनजीकच्या एका बाजारगावात आहे. तेथे एका बाजूने सातारा जिल्ह्याचे आणि दुसऱ्या बाजूने सांगली जिल्ह्याचे रुग्ण येतात. काही वर्षांपूर्वी पाच वैद्यांनी वर्गणी काढून एक यंत्र घेतले, तेव्हा पहिल्या रुग्ण कोरेगाव तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका होत्या. आमच्याकडे त्यांचा दाब नेहमी १६५ ते १७० च्या घरात येई. त्याआधी दोन ठिकाणी दाखवून त्यांच्या गोळ्या एकीच्या तीन झाल्या होत्या. त्यांची तक्रार मात्र दाबाची नव्हती. सकाळी उठल्यावर भोवळ येते, एकदा न्हाणीघरात पडले, असे त्या सांगत. आम्ही वातपित्ताचा विचार करून औषध देत होतो आणि भोवळ हटत नव्हती.

यंत्र बांधले. दिवसाची सरासरी निघाली ११८/७०, आणि पहाटेच्या काही नोंदी शंभराच्या खाली. फक्त दोन नोंदी १६० च्या वर होत्या. एक यंत्र बांधताना आमच्यासमोरची, दुसरी सोडताना आमच्यासमोरची. आलेख त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘डॉक्टर, शाळेत साहेब तपासणीला आले की असंच व्हायचं बघा माझं.’ पांढऱ्या कोटाचा रक्तदाब म्हणतात तो हाच. ज्यांनी गोळ्या चालू केल्या होत्या त्या फिजिशियनना आम्ही आलेखासह चिठ्ठी दिली. त्यांनी गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी केल्या. भोवळ थांबली. त्यात आमच्या औषधाचा वाटा किती, हे विचारू नये.

याच्या नेमके उलट प्रकरण अधिक घातक असते. वैद्यासमोर दाब चांगला आणि घरी, शेतात किंवा रात्री वाढलेला, यास झाकलेला रक्तदाब म्हणतात. असा रुग्ण आपल्याकडून ‘उत्तम आहे’ असे प्रशस्तिपत्र घेऊन जातो आणि त्याचे हृदय, वृक्क, नेत्रपटल झिजत राहते. भारतात हे दोन्ही प्रकार विरळ नाहीत. डॉ. उपेंद्र कौल यांच्या नेतृत्वाखाली १५ राज्यांतील १८,९१८ व्यक्तींवर झालेला ‘इंडिया हार्ट स्टडी’ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. चिकित्सालयातील मापन आणि आठवडाभराचे घरचे मापन यांची त्यात तुलना होती. पांढऱ्या कोटाचा प्रकार २४ टक्क्यांत आणि झाकलेला १८ टक्क्यांत आढळला. म्हणजे केवळ चिकित्सालयातील आकड्यावर विसंबल्यास दहांतील चार जणांच्या बाबतीत गफलत होऊ शकते.

रात्र कोणती?

निरोगी माणसाचा दाब झोपेत दिवसाच्या तुलनेने १० ते २० टक्के उतरतो. ज्यांचा तितका उतरत नाही, किंवा उलट चढतो, त्यांस पक्षाघात व हृद्रोगाचा धोका अधिक असतो. मधुमेह, वृक्कविकार आणि घोरताना श्वास अडकणे ही त्याची नेहमीची कारणे. घरच्या साध्या मशीनवर ही गोष्ट कळत नाही, ती फक्त चोवीस तासांच्या यंत्रावर कळते. म्हणून आम्ही आलेखात प्रथम रात्रीचा भाग पाहतो.

पण ‘रात्र’ ठरवायची कशी, हा प्रश्न आम्हांस पलूस तालुक्यातील एका ऊस बागायतदाराने शिकवला. वय ४५ च्या आसपास, चिकित्सालयात दाब १२८/८२. डोके जड राहते आणि झोप पुरत नाही, एवढीच तक्रार. यंत्राच्या संगणकात रात्र म्हणजे १० ते ६ असे आधीच ठरवलेले होते. त्या हिशेबाने त्यांचा दाब रात्री दिवसापेक्षा जास्त निघाला. आम्ही घाबरलो, त्यांनाही घाबरवले आणि मिरजेला पाठवण्याची तयारी केली. नंतर त्यांनी वहीतील नोंद दाखवली. त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीने होती. ते साडेअकराला मोटर सुरू करून पहाटे पाचपर्यंत उसाला पाणी पाजत होते. आम्ही ज्याला झोपेचा दाब समजलो तो चिखलात खोऱ्याने दारे मोडणाऱ्या माणसाचा दाब होता. त्यांची खरी झोप सकाळी साडेसहा ते दहा. तेवढ्या काळाची सरासरी काढली तर ती १२६/७८ भरली. अगदी निर्धास्त व्हावे अशी ती नव्हती, पण आलेख ओरडून सांगत होता तसेही काही नव्हते.

सौर वाहिन्यांमुळे काही गावांत आता दिवसा वीज मिळू लागली आहे. तरी पाळीची वीज, साखर कारखान्याची रात्रपाळी, हळदीच्या हंगामातील जागरणे, पहाटे चारला दूध काढून डेअरीत घालण्याची घाई हे आपल्या दोन्ही जिल्ह्यांचे वास्तव आहे. म्हणून यंत्राबरोबर वही द्यावी आणि झोपल्याची, उठल्याची, जेवणाची, औषधाची व तंबाखूची वेळ रुग्णाकडून लिहून घ्यावी. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाला ते काम सांगावे, मुले ते फार चोख करतात. वही नसलेला आलेख आम्ही आता वाचतच नाही.

जागरणाने वात व रौक्ष्य वाढते हे आपण सर्व जाणतो. जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ दुसऱ्या दिवशी सकाळी काही न खाता झोपावे, असे वाग्भटाने सांगितले आहे. आमचा बागायतदार पाचला घरी येऊन चहा-भाकरी खाऊन गोठ्यात जात असे आणि मग झोपत असे. आम्ही त्याला क्रम बदलायला सांगितला. दोन महिन्यांनी, दिवसपाळीच्या आठवड्यात, पुन्हा यंत्र बांधले तेव्हा झोपेची सरासरी ११६/७० होती. हा परिणाम उपदेशाचा की महावितरणच्या पाळीचा, हे आम्हांस सांगता येणार नाही. दुसरे मापन पुन्हा रात्रपाळीच्याच आठवड्यात करावयास हवे होते, ते आमच्याकडून राहिले.

अहोरात्रीतील दोषांचा क्रम आणि आधुनिकांचे जैविक घड्याळ यांची सांगड घालण्याचा मोह या ठिकाणी अनेकांना होतो. २०१७ साली या घड्याळाच्या संशोधनास नोबेल पारितोषिक मिळाल्यापासून आपल्या परिसंवादांत अशी भाषणे बरीच ऐकू येतात. साम्य आहे, विचार करण्याजोगे आहे. पण आलेखातील पहाटेचा चढ म्हणजेच वातकाल असे ठरवून मोकळे होणे हा उतावीळपणा आहे. तीच गोष्ट औषधाच्या वेळेची. रात्री गोळी घेतल्यास फायदा अधिक, असे काही वर्षे मानले जात होते. २०२२ मध्ये ब्रिटनमधील २१,१०४ रुग्णांवरील ‘टाइम’ या अभ्यासात सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक आढळला नाही. रुग्णाला जी वेळ आठवते ती वेळ योग्य.

आमचा जुना निबंध

आता थोडे अडचणीचे बोलू. बऱ्याच वर्षांपूर्वी जिल्ह्यातील वैद्यांच्या मेळाव्यात आम्ही एक निबंध वाचला होता. एका चूर्णयोगाने आणि शिरोधारेने रक्तदाब कसा उतरतो, हे त्यात आमच्याच रुग्णांच्या केसपेपरवरून दाखवले होते. टाळ्या मिळाल्या. पुढे काही औषधालयांनी तो योग ठेवावयासही सुरुवात केली.

आज आम्ही तो निबंध मागे घेतो. कारण सरळ आहे. पहिल्या भेटीत रुग्ण बावरलेला असतो, त्याचा दाब चढलेला असतो, आणि दाब चढलेला असतो म्हणूनच आपण त्याला निबंधात घेतो. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत त्याला आपली खुर्ची, आपला कफ, आपली परिचारिका ओळखीची होते. दाब आपोआप उतरतो. औषध न देता नुसते बोलावले असते तरी पुष्कळसा उतरला असता. शिरोधारेनंतर लगेच मोजलेला दाब तर तासभर डोळे मिटून पडलेल्या माणसाचा दाब होय. चोवीस तासांच्या मापनात ही फसगत फार कमी होते. म्हणूनच नव्या औषधांच्या चाचण्यांत ते वापरतात. त्या योगावर असलेल्या आमच्या काही रुग्णांना आम्ही यंत्र बांधून पाहिले. दिवसाची सरासरी होती तिथेच होती.

आयुर्वेदात दाब उतरवणारे द्रव्य नाही, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. सर्पगंधेचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९३१ मध्ये कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याविषयी लिहिले. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि साऱ्या जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. वकिलांनी रुग्ण मोजले होते, लिहून ठेवले होते, म्हणून ते शक्य झाले. त्याच सर्पगंधेने नाक चोंदते, नाडी मंद होते आणि काहींचे मन इतके खचते की ते जिवावर बेतते, हेही मोजूनच कळले. तिचा परिणाम हळूहळू, काही आठवड्यांत दिसतो. त्यामुळे आज चूर्ण देऊन उद्या मोजण्यात अर्थ नाही.

आपल्याच कपाटातील द्रव्ये

यंत्रामुळे आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. दाब उतरवण्याचे औषध शोधताना दाब चढवणारे औषध आपणच देत असतो. ज्येष्ठमध हे त्याचे ठळक उदाहरण. त्यातील ग्लिसरायझिनमुळे शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि दाब चढतो. अम्लपित्तासाठी महिनोन्‌महिने यष्टिमधु चूर्ण घेणारा आणि कोणत्याही गोळीला दाद न देणारा रुग्ण आला तर आधी ते चूर्ण थांबवून पाहावे. लवणभास्कर चूर्णातील लवणांचा हिशेब कोणी करत नाही, पण जेवणानंतर दोन्ही वेळा ते घेणाऱ्या आजोबांना ‘मीठ कमी करा’ असे सांगण्यात काय हशील? हिंग्वष्टकात सैंधव, पाचक गोळ्यांत पादेलोण, वर घरचे लोणचे आणि पापड.

औषधविक्रेत्या बंधूंना येथे एक विनंती आहे. सांधेदुखीसाठी तुमच्या दुकानातून डायक्लोफिनॅक वा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या सहज जातात. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळे करणारे जे द्रव्य असते तेही दाब चढवते. बिनलेबलाच्या, ‘गावठी औषध’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणे अधूनमधून उघडकीस येतात, त्यांचे तर नाव घेऊ नये. गिऱ्हाइकाला ‘बीपीची गोळी चालू आहे का?’ एवढे विचारायला दहा सेकंद लागतात.

आणि दुकानातील बीपीची मशीन. उभ्याउभ्या, जाड स्वेटरवरून, गप्पा मारीत मोजलेला दाब कोणाच्याच उपयोगाचा नसतो. पाच मिनिटे पाठ टेकून बसवावे, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत. लघवीला जाऊन आलेला असावा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री नको. दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे. जाड दंडाला लहान कफ लावला तर दाब खोटा वाढतो, म्हणून मोठा कफ दुकानात असावाच. आमच्याकडच्या बायकांच्या ब्लाऊजची बाही घट्ट असते. ती वर गुंडाळली की दंडाला आवळपट्टीच बसते, तेव्हा हात बाहीतून मोकळा करून घ्यावा आणि त्यासाठी पडद्याची सोय करावी. मनगटावर बांधायची मशीन शक्यतो विकू नये. नाडी अनियमित असेल तर कोणत्याच स्वयंचलित मशीनवर विसंबू नये, आणि नाडी अनियमित आहे हे ओळखण्यात तरी आपण वैद्यांनी मागे राहू नये. २०२१ पासून रक्तदाबाची यंत्रे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कक्षेत आली आहेत. स्वस्त, नावगाव नसलेला माल ठेवणे आता कायद्यानेही महागात पडू शकते. तसेच ‘बीपीवर रामबाण’ अशा पाट्या लावणाऱ्यांनी १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा वाचावा. त्याच्या अनुसूचीत रक्तदाबाचे नाव आहे.

सातारा जिल्ह्यातील उपक्रम आणि एक संदेश

दूरस्थ देखरेखीचा विषय निघाला की आपल्याला परदेशची उदाहरणे आठवतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात घरी मोजून आकडे डॉक्टरांना कळवणाऱ्या रुग्णांचा वरचा दाब वर्षाअखेर नेहमीच्या पद्धतीपेक्षा सुमारे ४ अंकांनी कमी राहिला. पण आपल्या दाराशीच एक मोठे उदाहरण आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्र शासन, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला. त्याच्या पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतील २५ जिल्हे होते आणि महाराष्ट्रातून सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा आणि आपला सातारा. त्यात नवे औषध काहीच नव्हते. ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या गोळ्या, एकावेळी महिन्याच्या, डिजिटल मशीन, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. जो ठरल्या तारखेला आला नाही त्याचे नाव यादीत वर येते आणि परिचारिका फोन करते. महाराष्ट्रासह काही राज्यांत ही नोंद ‘सिंपल’ नावाच्या मोबाईल अ‍ॅपवर होते. उपचाराखालील सुमारे निम्म्या रुग्णांचा दाब आटोक्यात आला आणि २०२२ मध्ये या उपक्रमास संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. पुरस्काराचे राहो. न आलेल्या रुग्णाला कोणीतरी फोन करते, ही गोष्ट आमच्यापैकी किती जण करतात?

याच रुग्णांपैकी कोणीतरी काही महिन्यांनी आपल्याकडे येऊन विचारतो, ‘आयुर्वेदात कायमची गोळी नसते ना?’ जावळी तालुक्यातील एक गृहस्थ आमच्याकडे असेच आले. सरकारी दवाखान्याची गोळी चालू होती. आम्ही आहारविहार सांगितला, औषध दिले, आणि गोळीविषयी काहीच बोललो नाही. ‘बंद करा’ म्हणालो नाही, हे खरे. ‘बंद करू नका’ असेही म्हणालो नाही. त्यांनी आमच्या मौनाचा अर्थ लावला आणि गोळी सोडली. घरी मशीन होते. मुलगा दर दोन-चार दिवसांनी आकड्यांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवी. आम्ही अंगठा दाखवीत असू.

एका सकाळी पावणेसातला १९६/११२ चा फोटो आला. खाली लिहिले होते, ‘आण्णांचं डोकं लई दुखतंय, काय करू?’ आमचा फोन त्या दिवशी चार्जिंगला होता, मग राऊंड, मग ओपीडी. संदेश पाहिला तेव्हा एक वाजला होता. तोवर मुलाने वाट पाहून त्यांना जीपमधून साताऱ्याला नेले होते. जीव वाचला. उजवा हात अजून पूर्ण चालत नाही. मुलगा आम्हांस काही बोलला नाही. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याने चहा दिला आणि म्हणाला, ‘तुमचं उत्तर येईल म्हणून थांबलो होतो.’

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. रुग्णाकडून आकडे मागवले की त्याला वाटते, पलीकडे कोणीतरी बसून पाहत आहे. कोणी पाहत नसेल तर मागवू नयेत. २०२० च्या एप्रिलमध्ये आपल्यासाठी दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे निघाली, ती आम्ही वाचली होती, पण फोन कोण पाहणार हे आमचे आम्हीच ठरवायचे होते.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. आकडे पाठवण्याचे वार दोनच, आणि ते वहीतून. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदोनदा मोजून पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी. एकेका आकड्याचा फोटो आम्ही स्वीकारत नाही, कारण एकेक आकडा रुग्णाला घाबरवतो आणि वैद्याला बेफिकीर करतो. न पाठवणाऱ्याला आमची परिचारिका फोन करते, हे सरकारी उपक्रमाकडून सरळ उचललेले आहे. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेले असते : वरचा १८० किंवा खालचा १२० च्या वर गेला तर पाच मिनिटे बसून पुन्हा मोजा, तरीही तेवढाच असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा, आणि त्याबरोबर छातीत दुखणे, धाप, तीव्र डोकेदुखी, बोलणे अडखळणे, हातपाय लुळे पडणे, नजर अंधारणे यांतील काही असेल तर डॉक्टरांच्या उत्तराची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. आणि चालू गोळीविषयी आम्ही पहिल्याच भेटीत स्पष्ट वाक्य बोलतो व केसपेपरवर लिहितो : ज्यांनी दिली त्यांना विचारल्याशिवाय सोडायची नाही.

गोळ्यांच्या पाकिटाचा फोटोही आम्ही पहिल्या भेटीत काढून ठेवतो. ही सवय २०१९ च्या ऑगस्टमधील महापुराने लावली. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते. भिलवडीकडच्या रुग्णांचे फोन येत होते. घर पाण्यात, औषधे वाहून गेलेली, काहींनी मशीन मात्र पोटाशी धरून आणलेले. आकडे सांगत, पण गोळी कोणती विचारले तर ‘पांढरी, बारकी’ एवढेच उत्तर. निवारा केंद्रातील डॉक्टरांना आम्ही काय सांगणार?

आमचे सामाईक यंत्र आजही या वैद्याकडून त्या वैद्याकडे एस.टी.ने वा कोणाच्या तरी मोटारसायकलवरून फिरते. या महिन्यात ते विट्याला आहे, तेथून तासगावला जाईल. त्याच्या पिशवीत मोठा कफ, जादा सेल आणि कोऱ्या वह्या असतात. जावळीच्या आण्णांना ते गेल्या महिन्यात बांधले होते. आता त्यांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून नियमित चालू आहेत, आमच्याकडून फक्त अभ्यंग आणि हातासाठी व्यायाम. दिवसाची सरासरी १२९/८०, झोपेची ११८/६८. वहीत त्यांच्या नातीने झोपल्याची वेळ ‘नऊ वाजून दहा मिनिटे, पण खरं तर टीव्ही बंद झाल्यावर साडेनऊ’ अशी लिहिली आहे.